कंपनी सरकार, जरा इकडे बघा!

आज सकाळपासून तुमच्या घरात किती कंपन्या येऊन गेल्या, मोजलंत का? टूथपेस्टची एक, दुधाच्या पिशवीची दुसरी, चहापत्तीची तिसरी. मोबाईल हातात घेतला की आणखी डझनभर! घरात एखादं स्थळ आलं तर मुलाच्या मामाच्या गावापर्यंत चौकशी करणारे आपण. मग रोज घरात शिरणाऱ्या या पाहुण्यांची चौकशी नको?

चला, आज करूनच टाकू. कंपनीनं दान किती केलं, हा प्रश्न शेवटी. पैसा कमावला कसा, हा पहिला! सीटबेल्ट लावा, निघालो. (त्या सीटबेल्टचीही एक झकास गोष्ट आहे. येतेच!)

भाडं फक्त दहा पौंड!

माहीत आहे का, अख्खी मुंबई एकेकाळी एका कंपनीनं भाड्यानं घेतली होती? १६६८ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं मुंबईची बेटं ईस्ट इंडिया कंपनीला दिली. भाडं वर्षाला दहा पौंड! आज तेवढ्यात मुंबईत एका रात्रीची बरी खोली मिळणंही मुश्कील.

पुढे याच कंपनीकडे अडीच लाखांच्या वर सैनिक झाले. ब्रिटनच्या स्वतःच्या फौजेच्या जवळपास दुप्पट! हिशोबाची वही आणि तोफेची वात एकाच हातात. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी तिला नाव दिलं 'कंपनी सरकार'. किती नेमकं! आपला 'लूट' हा शब्द इंग्रजी डिक्शनरीत जाऊन बसला तोही याच राजवटीत. १८७४ मध्ये कंपनी कायमची गुंडाळली गेली. पण तिनं मागे ठेवलेला प्रश्न अजून ताजा आहे. कंपनीला जाब विचारायचा कुणी?

बिनसाखरेचा चहा, तोही रागानं!

ग्राहकांचा बहिष्कार ही सोशल मीडियाची देणगी वाटते ना? छे! १७९१ मध्ये ब्रिटनमधल्या लाखो लोकांनी चहात साखर घालणं बंद केलं. डायबेटिस नव्हे, तत्त्व! कॅरिबियन बेटांवरची ती साखर गुलामांच्या श्रमातून यायची.

आता ट्विस्ट. पुढच्या काळात तिथे साखरेची खास भांडी विकली जायची. त्यांवर लिहिलेलं असायचं की ही साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी बनवलेली नाही. म्हणजे एकीकडे देश गिळणारी कंपनी, दुसरीकडे तिच्या मालाला 'एथिकल' लेबल! लेबल वाचावं, पण अर्धवट वाचून थांबू नये, हा धडा दोनशे वर्षं जुना आहे.

देव आणि कंपनी, दोघेही 'व्यक्ती'!

माहीत आहे का, कंपनी ही कायद्याच्या नजरेत माणसासारखीच स्वतंत्र व्यक्ती असते? याचं श्रेय लंडनच्या एका बूट बनवणाऱ्याला. ॲरन सॅलोमनची कंपनी बुडाली. घेणेकरी म्हणाले, कंपनी म्हणजे तूच, काढ पैसे! १८९६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला: कंपनी वेगळी, सॅलोमन वेगळा. बुटाच्या दुकानातून निघालेलं हे तत्त्व आज जगभर चालतं.

भारतात देवळातली मूर्तीही कायद्यानं व्यक्ती आहे. तिच्या नावावर जमीन असते, तिच्या वतीनं खटला चालतो. कंपनीचंही तसंच. फक्त एक फरक लक्षात ठेवा: देवाला नवस बोलायचा, कंपनीला जाब विचारायचा.

रविवार कुणी दिला?

रविवारी नऊपर्यंत लोळता ना? मग हे नाव पाठ करा: नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा कार्यकर्ता, 'दीनबंधु'चा संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. मागणी साधी: आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या.

सहा वर्षं अर्ज, सभा, पाठपुरावा. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. मालकांनी दिली खरी, पण लोखंडे यांनी मागितली म्हणून दिली. नावातच लोखंड, वाकणार कसे?

नागपूरच्या गिरणीत पेन्शन

१ जानेवारी १८७७. दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं जात होतं आणि त्याच दिवशी नागपुरात जमशेदजी टाटांची गिरणी सुरू झाली. नाव अर्थातच एम्प्रेस मिल! पण खरी बातमी पुढे आहे. १८८६ मध्ये इथे कामगारांसाठी पेन्शन फंड आला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई.

जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात तर १९१२ मध्येच आठ तासांचा दिवस लागू झाला. माहीत आहे का, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा देशाच्या कायद्यात यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं? कायद्याच्या तीस वर्षं पुढे!

पण थांबा, टाळ्या अर्ध्यावर ठेवा

कारण त्याच टाटांच्या वीज कंपनीचं मुळशीचं धरणही आपल्याच महाराष्ट्रातलं. मुंबईला वीज हवी, म्हणून मावळातल्या मुळशी खोऱ्यातली गावं पाण्याखाली जाणार होती. भाताची चांगली जमीन, पिढ्यान्‌पिढ्यांची घरं. १९२१ मध्ये मावळे उठले आणि १९२४ पर्यंत सत्याग्रह चालला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. धरण झालं, गावं गेली.

दिवा मुंबईत लागला, चूल मुळशीत विझली. एकाच उद्योगघराण्याच्या खात्यात पेन्शनही आहे आणि मुळशीही. म्हणूनच एका चांगल्या कामावर सरसकट सर्टिफिकेट नको. प्रत्येक कामाचा वेगळा निकाल!

नांगराला विष, मासिकाला धार

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला का खपेना, माहीत आहे का? लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत! गडी डगमगला नाही. १९१० मध्ये औंध संस्थानानं दिलेल्या माळरानावर, निवडुंग आणि सापांच्या राज्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे पूर्वी शिक्षा भोगलेल्या माणसांना रखवालदार म्हणून कामावर घेतलं गेलं. ज्यांच्यावर जगाचा विश्वास नाही, त्यांच्याच हातात कुलपं!

आणि हा बोनस: १९२० मध्ये कारखान्याचं एक घरगुती बातमीपत्र निघालं, 'किर्लोस्कर खबर'. नांगराची खबर देता देता ते समाजसुधारणेचं मासिक झालं. १९३० मध्ये जोडीला 'स्त्री' आलं. जमीन नांगरणाऱ्या कंपनीनं मराठी डोकीही नांगरली!

शेठजींनी दार उघडलं

वर्ध्याचे जमनालाल बजाज म्हणजे गांधीजींचे मानलेले पाचवे पुत्र. बजाज उद्योगसमूहाचे संस्थापक. इंग्रजांनी दिलेली 'रायबहादूर' ही पदवी त्यांनी १९२१ मध्ये परत केली. १९२८ मध्ये वर्ध्यातलं आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी दलितांसाठी खुलं केलं, सनातन्यांचा विरोध पत्करून. चेक फाडणं सोपं असतं. आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेणं महाग पडतं. शेठजींनी महागाचा सौदा केला.

छागलांनी १९५७ मध्येच सांगितलं होतं!

कंपनीनं राजकीय पक्षाला पैसे द्यावेत का? हा वाद टीव्हीवरचा नाही, मुंबई हायकोर्टातला आहे, आणि १९५७ चा! पोलादाच्या टाटा कंपनीला पक्षांना देणगी देता यावी म्हणून स्वतःच्या नियमावलीत बदल हवा होता. एका भागधारकानं हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी तेव्हाच्या कायद्याप्रमाणे परवानगी दिली, पण सोबत खडसावून इशाराही दिला: यात लोकशाहीला धोका आहे, संसदेनं लक्ष घालावं.

मग सुरू झाला झोपाळा. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी. १९८५ मध्ये बंदी उठली, मर्यादा आली. २०१७ मध्ये मर्यादाच गेली आणि निवडणूक रोख्यांचा रस्ता मोकळा झाला. देणारा कोण हे मतदाराला कळायची सोय नाही! १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं रोखे रद्द केले. पुढच्याच महिन्यात खरेदीदारांची यादी जाहीर झाली आणि देशभर चहाच्या टपरीवर कंपन्यांची नावं वाचली गेली.

गुप्त मतदान मतदाराला हवं, गुप्त देणगी कंपनीला नको. इतकं सोपं आहे हे!

देणगी? नको, पापड घ्या!

आता जरा कुरकुरीत. १५ मार्च १९५९, मुंबईतलं गिरगाव, एका इमारतीची गच्ची. सात गृहिणी, ८० रुपये उसने आणि पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं. ते लिज्जत! आज सुमारे ४५ हजार 'बहिणी' तिथे लाटणं चालवतात. आणि माहीत आहे का, सुरुवातीपासूनचा नियम काय? तोटा झाला तरी कुणाकडून देणगी घ्यायची नाही.

लाटणारी हीच मालकीण. नफा झाला तर तिचा, तोटा झाला तर तिचा. ही संस्था कंपनी कायद्यातली नाही, पण कंपन्यांनी शिकवणीला यावं अशी आहे. नफा वाटायचा असेल तर पापडासारखा वाटा: गोल, सारखा आणि वेळेवर!

आली! सीटबेल्टची गोष्ट आली!

१९५९ सालीच स्वीडनमध्ये व्होल्वोचा इंजिनिअर निल्स बोलिन यानं तीन टोकांचा सीटबेल्ट बनवला. खांद्यावरून एक पट्टा, कमरेवरून एक, आणि एका हातानं 'खट्'. पेटंट हातात होतं, पैसा छापता आला असता. कंपनीनं ते सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना वापरायला खुलं केलं! आज तुमच्या गाडीचं नाव काहीही असो, पट्टा त्याच डिझाइनचा आहे. याला म्हणतात 'शेअर' करणं!

बाटलीच्या तोंडावरचं झाकण

घरातली औषधाची नवी बाटली उघडा. झाकणाखाली चिकटवलेला पातळ पापुद्रा नखानं सोलावा लागतो ना? त्यामागे शोकांतिका आहे. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी दुकानात जाऊन सायनाइड मिसळलं. सात जण गेले. कारखान्याची चूक नव्हती. तरी जॉन्सन अँड जॉन्सननं अमेरिकेतल्या सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत बोलावल्या. खर्च १० कोटी डॉलरच्या वर. त्यानंतर असं सीलबंद पॅकिंग सगळीकडे आलं.

आणि मुळशीचा नियम इथेही लावूया. याच कंपनीवर पुढे टाल्कम पावडरीवरून हजारो खटले भरले गेले. प्रत्येक कामाचा वेगळा निकाल, म्हटलं नव्हतं?

आता थोडं हळू

२ डिसेंबर १९८४ ची रात्र, भोपाळ. युनियन कार्बाइड कंपनीच्या कारखान्यातल्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. हजारो माणसं गेली, लाखोंच्या फुप्फुसांना आणि डोळ्यांना इजा झाली. माहीत आहे का, टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन युनिट कित्येक महिने बंद होतं? आणि निसटलेला वायू जाळून टाकणारा टॉवरही त्या रात्री चालू नव्हता. बचत केली होती कारखान्यानं, किंमत मोजली झोपडपट्टीनं.

१९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. कारखान्यातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा तिथून हलला कधी? जानेवारी २०२५ मध्ये. चाळीस वर्षांनी! या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये आपल्याला पर्यावरण संरक्षण कायदा मिळाला. त्याच वर्षी दिल्लीतल्या वायुगळतीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ठणकावलं: धोक्याचा धंदा करणाऱ्याची जबाबदारी पूर्ण, सबबी बंद. हा कायदा माणसांच्या श्वासांवर लिहिलेला आहे. त्यातलं एकही कलम सैल करायला निघालेल्याला आपण सर्वांनी अडवायलाच हवं.

एकच भिंत, एकच भेग, दोन निर्णय

बांगलादेशातली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंतीला भेगा दिसल्या. तिथल्या बँकेनं आपल्या लोकांना घरी पाठवलं. वरच्या गारमेंट कारखान्यांनी शिलाई करणाऱ्या बायाबापड्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर बोलावलं. सकाळी इमारत कोसळली. ११०० हून अधिक जीव गेले. ते कपडे युरोप-अमेरिकेतल्या बड्या ब्रँडचे होते.

२०१७ मध्ये फ्रान्सनं कायदा केला: मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांच्या कारखान्यांवरही लक्ष ठेवलंच पाहिजे. टी-शर्टचा टॅग मानेला टोचतो तेव्हा त्यावरचं देशाचं नाव एकदा वाचा.

परीक्षा ओळखणारी गाडी

मास्तर आले की शहाणा, गेले की दंगेखोर! असं पोरगं प्रत्येक वर्गात असतं. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या तशाच निघाल्या. प्रदूषणाची चाचणी सुरू आहे हे गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ सोडायचं. रस्त्यावर आली की पहिले पाढे पंचावन्न! जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. ही कॉपी पकडली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्याशा टीमनं. युक्ती काय? प्रयोगशाळेत न थांबता गाडी सरळ रस्त्यावर नेली!

१२ विरुद्ध ०

ओडिशाचा नियमगिरी डोंगर. खाली बॉक्साइट, वर डोंगरिया कोंध आदिवासींचा देव. वेदांता कंपनीच्या प्रकल्पासाठी तिथे खाण हवी होती. एप्रिल २०१३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, ग्रामसभांना विचारा. बारा गावांत सभा झाल्या, न्यायाधीश हजर. माहीत आहे का स्कोअर? बाराच्या बारा 'नाही'! डोंगर तिथेच उभा आहे.

गोल्फ कोर्सजवळची माती

जपानमधल्या एका गोल्फ कोर्सजवळच्या मातीत सापडलेल्या जंतूपासून मर्क कंपनीनं आधी जनावरांचं औषध बनवलं. ते नदीकाठच्या लोकांना आंधळं करणाऱ्या एका रोगावर लागू पडलं. पण रोगी सगळे गरीब. विकणार कुणाला? १९८७ मध्ये मर्कनं जाहीर केलं: लागेल तितकं, लागेल तोवर, फुकट! हे वाटप अजून चालू आहे. या औषधाच्या शोधाला २०१५ चं नोबेल मिळालं. होल-इन-वन!

आमचं जॅकेट घेऊ नका!

अशी जाहिरात कुणी देतं का? कपडे बनवणाऱ्या पॅटागोनिया कंपनीनं दिली! २०११ मध्ये, अमेरिकेत खरेदीची झुंबड उडते नेमक्या त्याच दिवशी: गरज नसेल तर घेऊ नका. २०२२ मध्ये मालक इव्हॉन शुइनार यांनी अख्खी कंपनीच एका ट्रस्टला आणि पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. जॅकेट काय, मालकीच अंगावरून उतरवली!

दोन टक्क्यांची रॅपिड फायर

सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, ऐकलंय? पटापट घ्या.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. १ एप्रिल २०१४ पासून लागू. सामाजिक खर्च कायद्यानं सक्तीचा करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या देशांत भारत!

कुणाला लागू? नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी. यातलं एक जरी असलं तरी पुरे.

किती? मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के.

काय चालत नाही? राजकीय पक्षाला देणगी. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांचं भलं. नेहमीचाच धंदा नवं नाव देऊन. तिन्ही बाद!

राज्यांत सर्वाधिक निधी कुठे जातो? आपल्या महाराष्ट्रात!

आणि आता सगळ्यात मोठा प्रश्न: उरलेल्या ९८ टक्क्यांचं काय? दोन टक्के समाजासाठी आणि अठ्ठ्याण्णव टक्के नदीत सांडपाणी सोडून, असा हिशोब चालणार नाही. जबाबदारी नफा वाटताना सुरू होत नाही, कमावतानाच सुरू होते.

एका शेअरची ताकद

तुम्ही काय करू शकता, माहीत आहे का? एक शेअर. फक्त एक! तेवढ्यावर कंपनीच्या वार्षिक सभेला बसता येतं आणि प्रश्न विचारता येतो. शेअर नसला तरी बाजारातल्या पहिल्या हजार मोठ्या कंपन्यांना सेबी या बाजार नियामकाच्या नियमानं आपला जबाबदारीचा अहवाल जाहीर करावा लागतो. पाणी किती वापरलं, कामगारांचे अपघात किती, तक्रारी किती. वेबसाइटवर, फुकट. वेब सिरीजच्या एका एपिसोडएवढ्या वेळात चाळून होतो.

जाता जाता, एक कार्ड

जिल्हा परिषदेच्या एका शाळेत गेलो होतो. व्हरांड्यात पाण्याचा फिल्टर, वर एका कंपनीची निळी पाटी. अशा पाट्या खूप पाहिल्यात, म्हणून मी आता पाटीऐवजी मागची बाजू बघतो. मागे सुतळीनं बांधलेलं एक कार्ड लटकत होतं, कडा पाण्यानं फुगलेल्या. दर तीन महिन्यांनी फिल्टर बदलल्याची तारीख, मेकॅनिकची सही, खाली मुख्याध्यापिकाबाईंची सही. अकरा ओळी भरलेल्या.

"फोटोला साहेब आले होते एकदाच," बाई म्हणाल्या, "पण हा मुलगा न चुकता येतो."

तेवढ्यात मधली सुट्टी झाली, पोरं स्टीलचे पेले घेऊन धावत आली. मी बाजूला झालो. कार्डाच्या बाराव्या ओळीत पुढच्या महिन्याची तारीख आधीच पेन्सिलनं लिहून ठेवलेली होती.